क्लिफर्ड टी. वॉर्ड : मास्तरांनी मंचावर जायला हवं होतं का?

सेव्हर्नकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी बर्मिंगहॅमच्या दक्षिणेला, ब्रॉम्सग्रोव्हजवळ राहतो. शनिवारी चॅरिटी शॉपमध्ये जुन्या रेकॉर्डी चाळायचा मला नाद आहे. दोन वर्षांपूर्वी तिथे एका पौंडाला 'होम थॉट्स' नावाची एलपी मिळाली, १९७३ सालची. गायकाचं नाव कधी ऐकलं नव्हतं. काउंटरवरच्या आजी म्हणाल्या, "हा इथल्याच शाळेत इंग्रजी शिकवायचा." घरी येऊन लावली आणि त्या रात्री तीनदा ऐकली.

क्लिफर्ड टी. वॉर्ड. जन्म १० फेब्रुवारी १९४४, वुस्टरशर परगण्यातलं स्टोरपोर्ट-ऑन-सेव्हर्न. लहानपणी चर्चच्या गायकवृंदात. विशीच्या आतच 'क्लिफ वॉर्ड अँड द क्रूझर्स' हा बँड काढला आणि १९६३ साली बर्मिंगहॅममधली मिडलंड्सच्या, म्हणजे मध्य इंग्लंडच्या, बँडांची स्पर्धा जिंकली. पुढे 'द सीक्रेट्स' नावाने काही सिंगल्स, म्हणजे पुढेमागे एकेक गाणं असलेल्या छोट्या रेकॉर्डी, काढल्या, त्या चालल्या नाहीत. तोवर लग्न झालेलं, पोरंबाळं झालेली. मग माणसाने वुस्टरच्या अध्यापक महाविद्यालयात तीन वर्षं काढली आणि नॉर्थ ब्रॉम्सग्रोव्ह हायस्कुलात इंग्रजी आणि नाटक शिकवायला लागला.

गाणी लिहिणं मात्र सुटलं नाही. १९७२ साली बीबीसी रेडिओचा निवेदक जॉन पील याच्या डँडेलियन या छोट्या कंपनीने पहिला अल्बम काढला आणि लगोलग कंपनीच बंद पडली. मग कॅरिझ्मा कंपनीने घेतलं. १९७३च्या उन्हाळ्यात 'गे' हे गाणं ब्रिटनच्या रेकॉर्डखपाच्या यादीत आठव्या क्रमांकावर गेलं आणि जगभरात दहा लाखांवर प्रती खपल्या. ते एका मुलीचं नाव आहे, 'सोडून जाऊ नकोस' अशी तिची विनवणी. मास्तरांनी नोकरी सोडली. जानेवारी १९७४ मध्ये 'स्कलरी' सदतिसावं आलं. त्यानंतर यादीत एकही गाणं नाही. अल्बम मात्र १९९०च्या दशकापर्यंत निघत राहिले, अकरा.

इथे सगळे एकच कारण सांगतात : मंचावर जायचा नाही, दौरे नको, मुलाखती नकोत, फोटोसुद्धा नको. मला हे कारण फार सोपं वाटतं. माणूस इतकं सुंदर लिहितो, इतकं साफ गातो, तरी पन्नास वर्षांनी एका पौंडाला मिळतो, हे मनाला लागतं. तुम्हाला काय वाटतं? मास्तरांनी मंचावर जायला हवं होतं का?

टुकटुक

नाव पहिल्यांदाच ऐकलं. आज रात्री ऐकतो, मग बोलतो.

तारा_जुळवा

धागा आवडला, पण मुद्द्याशी असहमत. कारण सोपं आहे म्हणून खोटं ठरत नाही. मी आठ वर्षं पणजीतल्या हॉटेलांत संध्याकाळची गिटार वाजवली आहे. रेडिओवरून गाणं लोकांना आवडतं, पण माणूस आवडतो तो समोर उभा राहिल्यावर. एकदा समोर ऐकलेला माणूस तुमची पुढची रेकॉर्ड न ऐकताही घेतो. तो वर्ग तयारच झाला नाही, तर प्रत्येक गाण्याला पुन्हा शून्यापासून सुरुवात.

शिवाय १९७३चा उन्हाळा बघा. याच मुलखातल्या वुल्व्हरहॅम्प्टनचा स्लेड बँड तेव्हा एक नंबरवर होता. उंच टाचांचे बूट, चकाकते कपडे, पाय आपटत गाणं. बर्मिंगहॅमचा रॉय वूड तोंड रंगवून टीव्हीवर. त्या गर्दीत पियानोवर हळू आवाजात गाणारा शिक्षक दिसायचाच नाही तर टिकणार कसा?

हेमंत_साताऱ्याचा

एक शंका. ज्याने १९६३ला बँडांची स्पर्धा जिंकली तो मंचाला घाबरणारा कसा? बँड काय अंधारात वाजवत होता?

सेव्हर्नकाठ

हेमंतभाऊ, नेमका प्रश्न विचारलात. क्रूझर्स बर्मिंगहॅम परिसरात सतत वाजवायचे, फ्रान्समधल्या अमेरिकन लष्कराच्या तळांवरही जायचे. म्हणजे मंच त्याला ठाऊक होता. माझा अंदाज असा की चार जणांत उभं राहून नाचायला लावणारी गाणी म्हणणं वेगळं आणि आपल्या मनातलं लिहिलेलं एकट्याने पाचशे लोकांसमोर उघडं करणं वेगळं.

रेवाक्का

अवांतर : ते परगण्याचं नाव 'वुस्टरशर' का? मी आजवर सॉसच्या बाटलीवर 'वॉर्सेस्टरशायर' वाचत आले, दुकानदारालाही तसंच सांगते आणि त्यालाही कळतं!

प्राची_बर्मिंगहॅम

रेवाक्का, हाहा, तोच तो सॉस आणि तोच परगणा. अर्धी अक्षरं गिळायची. मी इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात ट्रेनचं तिकीट मागताना चार वेळा तेच नाव म्हटलं, शेवटी नकाशावर बोट ठेवलं.

या भागातून संगीत किती निघालंय बघा. संगीतकार एल्गारचा जन्म वुस्टरजवळचा. लेड झेपेलिन या रॉक बँडचा ड्रमवादक जॉन बॉनहॅम इथल्याच रेडिचचा. आणि ब्रॉम्सग्रोव्हच्या हाय स्ट्रीटवर कवी हाउसमनचा पुतळा आहे, तो तिथलाच. त्या गावात इंग्रजी शिकवणाऱ्याने गाण्याला ब्राउनिंग या इंग्रजी कवीच्या कवितेचं नाव द्यावं, यात मला नवल वाटत नाही.

सुमनमावशी_लेस्टर

मी इथे सहसा लिहीत नाही, नात टाइप करून देते आहे. मी मिरजेहून नर्सिंग करून १९७२ साली इंग्लंडला आले. तेवीस वर्षांची होते. राहायला नर्सेस होम. खाली कॉमन रूममध्ये गॅसची शेगडी, एक रेडिओ आणि एका आयरिश मुलीचा रेकॉर्ड प्लेअर. या गायकाचं नाव वाचलं आणि ती खोली डोळ्यांसमोर उभी राहिली.

पण तुम्ही सांगता ते गाणं मला आठवत नाही. मला आठवतं ते पत्रासारखं होतं. माणूस कुठेतरी दूर परदेशात आहे आणि मागे राहिलेल्या बाईला विचारतो, तिकडे कसं आहे, आणि ती पाण्याची टाकी अजून गळते का. टाकीचं ऐकून आम्ही मुली आधी हसलो. मग कोणी काही बोललं नाही. खोलीत केरळची होती, त्रिनिदादची होती, मलेशियाची होती. आमच्या मिरजेच्या घरी न्हाणीघरातला नळ कायम ठिबकायचा. त्या रात्री मी आईला एअर लेटर लिहिलं आणि त्यात विचारलं, नळ दुरुस्त केला का. आईला वाटलं पोरगी वेडी झाली, तीन आठवड्यांनी आलेल्या पत्रात लिहून विचारते काय तर नळ.

त्याचा शब्द न् शब्द कळायचा. तेव्हा वॉर्डातल्या पेशंटांचं बोलणं मला निम्मंही समजत नसे, पण हा गायचा ते सगळं समजायचं. शिक्षक होता हे आज कळलं.

तारा_जुळवा

मावशी, नमस्कार. तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. पण रेडिओवर गाजलेलं 'गे'च असणार. पन्नास वर्षांत दोन गायकांची सरमिसळ होते.

सुमनमावशी_लेस्टर

नाही बाळा. ते मुलीला 'जाऊ नको' म्हणणारं नव्हतं. टाकी होती. मला पक्कं आठवतं.

गुरुजी_खानापूर

मी बत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, त्यातली बारा वर्षं गॅदरिंगची नाटकं बसवली. त्यामुळे माझं लक्ष 'नोकरी सोडली' या दोन शब्दांवर अडकलं. पक्की सरकारी शाळा, घरात मुलं, आणि एका गाण्याच्या भरवशावर राजीनामा. आमच्या शिक्षक खोलीत असं कुणी केलं असतं तर आम्ही त्याला रात्रभर बसून समजावलं असतं.

आणि मला विचाराल तर मास्तर रोज मंचावर होतेच. चाळीस पोरांसमोर उभं राहणं हा मंचच आहे. फरक इतका की तिथे आपण स्वतःला विकत नाही, कविता विकतो. तो मंच सुटला आणि दुसरा मंच 'स्वतःला दाखवा' म्हणू लागला. त्यांना तो दुसरा नको वाटला असेल, तर मला ते शंभर टक्के पटतं.

धागाकर्त्यांना विचारायचं होतं, विद्यार्थ्यांशी त्यांचं नातं कसं होतं?

सेव्हर्नकाठ

गुरुजी, सुरुवातीच्या अल्बमांत मागे लहान मुलांचे आवाज ऐकू येतात, ते त्यांच्या शाळेतले विद्यार्थी. त्यांच्या विद्यार्थिनींपैकी एक म्हणजे ट्रुडी स्टायलर, पुढे अभिनेत्री, निर्माती आणि गायक स्टिंगची पत्नी झाली ती. स्टिंगही प्रसिद्ध होण्याआधी शाळेत शिकवायचा, हा योगायोग मला फार आवडतो.

हिशेबनीस

कुणीच पोटापाण्याचं विचारलं नाही म्हणून लिहितो. मी बावीस वर्षं प्रकाशन आणि संगीताच्या हक्कांचे हिशेब बघितले आहेत.

गाणं रेडिओवर वाजलं की पैसे दोन वेगळ्या हक्कांचे असतात. एक ध्वनिमुद्रणाचा, तो बहुधा कंपनीकडे. दुसरा रचनेचा, म्हणजे शब्द आणि चाल, तो लिहिणाऱ्याकडे आणि त्याच्या प्रकाशकाकडे. वॉर्ड स्वतःची गाणी स्वतः लिहायचे. त्यामुळे दुसऱ्या कुणी त्यांचं गाणं गायलं तरी रचनेचा वाटा त्यांना. आणि त्यांची गाणी गाणाऱ्यांत क्लिफ रिचर्ड, आर्ट गारफंकल, मूडी ब्लूजचा जस्टिन हेवर्ड, जॅक जोन्स अशी नावं आहेत. १९७४ नंतरची त्यांची गाणी यादीत आली नाहीत, पण बीबीसी रेडिओ २ वर वाजत होती. यादी खप मोजते आणि रॉयल्टी वाजणंही मोजते. म्हणजे मंचावर न जाता लिहिणाऱ्याने जगावं ही व्यवस्था तिथे होती, कदाचित श्रीमंत होण्याइतकी नाही.

आपल्याकडे चित्रपटगीतांच्या कवींना आणि संगीतकारांना हा वाटा काढून घेता येणार नाही असं कायद्यात स्पष्ट यायला २०१२ची कॉपीराइट दुरुस्ती लागली. तोवर किती जणांनी एकरकमी चार पैशांवर सही केली ते मी या हातांनी फायलींत पाहिलंय. त्यामुळे 'मंचावर गेला नाही म्हणून हुकला' असं सहज म्हणताना मला त्रास होतो. लिहिणाऱ्याचं काम लिहिणं आहे.

हेमंत_साताऱ्याचा

हिशेबनीसकाका, टाळ्या. हा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून टाकाच.

ढगाळ

इंग्लंडमधली आणखी दोन उदाहरणं देतो, म्हणजे तुलना करता येईल.

निक ड्रेक. वाढला टॅनवर्थ-इन-आर्डनला, ब्रॉम्सग्रोव्हहून फार लांब नाही. जन्म रंगूनचा. १९६९ ते १९७२ दरम्यान तीन अल्बम, प्रत्यक्ष कार्यक्रम मोजके, मंचावर अक्षरशः मान खाली. अल्बम खपले नाहीत. १९७४ साली सव्विसाव्या वर्षी गेला. आज जगभर ऐकला जातो, त्याला एका मोटारीच्या जाहिरातीनेही हातभार लावला.

दुसरा अँडी पार्ट्रिज, स्विंडनच्या एक्सटीसी बँडचा. १९८२ साली पॅरिसमध्ये कार्यक्रम चालू असताना त्याला इतकी भीती दाटली की तो मंचावरून निघून गेला आणि बँडने दौरे कायमचे बंद केले. त्यानंतरही वर्षानुवर्षं फक्त स्टुडिओत बसून रेकॉर्डी काढल्या, आणि १९८६चा 'स्कायलार्किंग' त्यांच्या सर्वांत नावाजलेल्या अल्बमांत धरतात.

म्हणजे मंच सोडून काम टिकतं. पण एक्सटीसीने मंच सोडला तेव्हा पाच वर्षं गावोगाव वाजवून हजारो लोक जोडलेले होते. वॉर्डपाशी ती पुंजी नव्हती. एवढ्यापुरता मी तारा_जुळवांच्या बाजूने.

तारा_जुळवा

ढगाळ, बरोबर मांडलंत. पण गुरुजींचं वाचून माझंही मन डळमळलं. मी हॉटेलात वाजवणं सोडलं ते याचसाठी. लोक जेवत असतात, तुम्ही मनातलं वाजवता आणि कुणीतरी वेटरला हाक मारतं. मी दुसऱ्यांची गाणी बिनधास्त वाजवायचो. स्वतःचं एकच गाणं होतं, ते आठ वर्षांत कधी वाजवलं नाही. धागाकर्त्यांनी वर अंदाज केलाय, त्यात तथ्य आहे.

रेवाक्का

मग ते आता कुठे आहे गाणं?

तारा_जुळवा

वहीत आहे, अक्का.

अनघा_पु

पुढचं आयुष्य कुणीच लिहिलं नाही. धागाकर्ते टाळत आहेत की राहून गेलं?

सेव्हर्नकाठ

टाळत होतो, अनघाताई. १९८४ साली त्यांना मल्टिपल स्क्लेरोसिस असल्याचं निदान झालं. ते चाळीस वर्षांचे होते. हळूहळू चालणं गेलं. तरी टेनबरी वेल्सच्या घरातच छोटा स्टुडिओ करून गाणी चालू ठेवली. १९९०च्या दशकातला शेवटचा अल्बम 'जूलिया अँड अदर न्यू स्टोरीज' पुरा करताना ते हातापायांवर रांगत स्टुडिओत जायचे. १८ डिसेंबर २००१ला न्यूमोनियाने गेले, सत्तावन्नाव्या वर्षी.

अनघा_पु

मी विचारलं कारण माझ्या धाकट्या बहिणीला हाच आजार आहे, चौदा वर्षं झाली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवर एक आवरण असतं, वायरीवर असतं तसं. शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती ते आवरण खाते. मग निरोप उशिरा पोचतो, चुकतो, कधी पोचतच नाही. कुणाचे डोळे, कुणाचे पाय, कुणाचा हात. थकवा असा की सकाळी दात घासून पुन्हा झोपावं. आणि वरून काहीच दिसत नाही, म्हणून लोक म्हणतात 'तब्येत तर छान दिसते'.

१९८४ साली या आजाराचा वेग रोखणारं एकही औषध नव्हतं. या आजारासाठी पहिलं औषध, इंटरफेरॉन, अमेरिकेत मंजूर झालं ते १९९३ला. माझ्या बहिणीला जे मिळालं ते त्यांना मिळालं नाही. ती आज स्वतःच्या पायांनी बँकेत कामाला जाते.

म्हणून 'कारकीर्द हुकली' हा धाग्याचा सूर मला खटकला. पियानो वाजवणाऱ्याची बोटं हळूहळू त्याचं ऐकेनाशी होतात, तो माणूस रांगत जाऊन गाणं पुरं करतो. समोर टाळ्या वाजवायला कुणी नाही. ते गाणं यादीत आठवं आलं की ऐंशीवं, याने मला काही फरक पडत नाही.

गुरुजी_खानापूर

अनघाताई, तुमच्या बहिणीला आशीर्वाद.

सेव्हर्नकाठ

ताई, माफ करा. 'हुकली' मी मनात धरूनच धागा काढला होता. हा शब्द मागे घेतो. बहिणीला माझा नमस्कार सांगा.

टुकटुक

ऐकून आलो! दोन रात्री लागल्या, कारण एका गाण्यावरून दुसऱ्यावर गेलो.

पहिलं म्हणजे सुमनमावशी बरोबर आहेत. टाकी आहे! गाण्याचं नाव 'होम थॉट्स फ्रॉम अब्रॉड', प्राचींनी म्हटलेलं ब्राउनिंगच्या कवितेचं नाव ते हेच, आणि गाणं त्याच अल्बमवरचं. माणूस परदेशातून लिहितो, वुस्टरशरची चौकशी करतो, कवितांची पुस्तकं वाचतोय म्हणतो आणि मध्येच विचारतो टाकी अजून गळते का, की कुणी दुरुस्त करणारा मिळाला. आणि लगेच पुढच्या ओळीत तिच्या मोडलेल्या मनाबद्दल तोच प्रश्न. मी दुबईत एकटा राहतो. त्या ओळीला मी गाणं थांबवलं आणि थोडा वेळ बाल्कनीत जाऊन उभा राहिलो.

दुसरं म्हणजे, हे रेडिओवर गाजलेलं गाणं नव्हे, तरी मावशींच्या खोलीत वाजलं. कारण 'गे'च्या त्याच सिंगलच्या मागच्या बाजूला हे गाणं होतं. त्या आयरिश मुलीने रेकॉर्ड उलटली असणार.

तारा_जुळवा

मावशी, चूक झाली. माफी मागतो.

हेमंत_साताऱ्याचा

म्हणजे मास्तर मिरजेच्या मुलीपर्यंत पोचले, तेही मंचावर पाय न ठेवता आणि मागच्या बाजूने. धागाकर्ते, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर : नाही, जायला नको होतं.

ढगाळ

हेमंतभाऊ, माझं अजूनही 'थोडं जायला हवं होतं'च. वर्षाला चार कार्यक्रम, लहान सभागृहात, वुस्टरमध्येच. सुमनमावशींसारखे आणखी हजारजण त्या खोलीबाहेर होते, त्यांना नावही कळलं नाही. मावशींनाही नाव आणि गाणं जुळायला पन्नास वर्षं लागली.

सेव्हर्नकाठ

ढगाळ, यावर माझ्याकडे उत्तर नाही. आणि हो, ते गाणं त्यांनी बँडबरोबर परदेशी असतानाच लिहिलं होतं, शिक्षक होण्याच्या कितीतरी आधी. म्हणजे मंचावर जात होते त्या दिवसांतलं, घराची आठवण काढणारं. आज हे जुळवून वाचल्यावर ते गाणं मला वेगळं ऐकू येतंय.

सुमनमावशी_लेस्टर

नातीने आत्ता फोनवर लावून दिलं. तोच. आवाज तसाच आहे. मला वाटायचं मीच कुठेतरी स्वप्नात ऐकलं असेल, कारण इतक्या वर्षांत पुन्हा कुठे कानावर आलं नाही.

आई १९८१ला गेली. नळ तिने दुरुस्त करून घेतला होता. तसं पत्रात लिहिलं होतं, ते पत्र माझ्याकडे आहे.

टुकटुक, दुबईत जेवणाचं काय करतोस? घरी फोन करत जा.

टुकटुक

करतो मावशी. आत्ताच केला.

सेव्हर्नकाठ

मावशी, माझ्याकडे एलपीबरोबर ती सिंगलही आहे, कॅरिझ्माचीच, १९७३ची. दोन्ही बाजू वाजतात, मागची थोडी खरखरते. लेस्टर इथून तासाभरावर आहे. पुढच्या रविवारी रेकॉर्ड प्लेअर गाडीत घालून आणतो. चालेल ना?

सुमनमावशी_लेस्टर

ये. जेवायलाच ये. आणि ते तारा_जुळवा आहेत ना, त्यांना सांग वहीतलं गाणं लिहून पाठवा, नात वाचून दाखवेल.